हॅरी बर्नची पाच कारणं : एका अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

७ जून

विषय ठरला. यंदाच्या अभिवाचनाला हॅरी थॉमस बर्न. टेनेसी राज्याच्या कायदेमंडळातला प्रतिनिधी, पुढे वकील, त्याहून पुढे त्याच राज्याच्या सिनेटचा सदस्य. १८ ऑगस्ट १९२० रोजी नॅशव्हिलच्या सभागृहात त्याने ‘होय’ म्हटलं आणि अमेरिकेच्या संविधानातली एकोणिसावी दुरुस्ती मंजूर व्हायला जे शेवटचं राज्य हवं होतं ते मिळालं. बाई आहे म्हणून कुणाचं मत नाकारायला त्या दुरुस्तीने मनाई केली. बर्न तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

गटात दोन मतं पडली. आबांचं म्हणणं, वकील-आमदारावरच करायचं तर नामांकित अमेरिकन वकील क्लॅरन्स डॅरो घ्या. तोही १९०३ ते १९०५ या काळात इलिनॉयच्या प्रतिनिधिगृहात होताच, आणि वाचायला एकाहून एक भाषणं मिळतील. मुद्दा वजनदार आहे. पण डॅरो आठवतो तो कोर्टातला. कायदेमंडळ त्याच्या आयुष्यात येऊन गेलं, इतकंच. मला कायदेमंडळच मध्यभागी हवंय. हजेरीपट, प्रस्ताव, त्यावरचा उलटा प्रस्ताव, मतमोजणी, गणपूर्ती म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी. रटाळ म्हणून आपण ज्याच्याकडे पाठ फिरवतो आणि ज्यातून शेवटी कायदा बाहेर पडतो, ते सगळं.

बर्नची गोष्ट जिथे तिथे एकाच साच्यात सांगितलेली असते. आईचं पत्र आलं, मुलाने ऐकलं, इतिहास घडला. पत्र खरं आहे, मुलाने ऐकलं हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहाच्या कामकाजात स्वतःचं निवेदन नोंदवलं, मत का बदललं याची पाच कारणं दिली, आणि त्यात आई तिसरी येते. संहिता या पाच कारणांवर उभी करायची. हे आज वहीत पक्कं लिहून ठेवते, म्हणजे तालमीच्या धांदलीत हातून निसटणार नाही.

११ जून

निओटाचा भाग लिहायला घेतला. पूर्व टेनेसीतलं, मॅक्मिन काउंटीतलं छोटं गाव. हॅरीचा जन्म १२ नोव्हेंबर १८९५ चा. तेव्हा गावाला माउस क्रीक म्हणत. वडील जेम्स लाफायेट बर्न गावातच स्टेशनमास्तर. ते १९१६ मध्ये गेले. आई फेब एन्स्मिंगर बर्न कॉलेजात शिकलेली, काही काळ शिक्षिका, नवऱ्यामागे शेत आणि मुलं सांभाळणारी. वाचनाची भारी आवड, घरात वर्तमानपत्रांचा राबता. आपल्या शेतावर राबणाऱ्या निरक्षर गड्यांना मत आहे आणि आपल्याला नाही, ही तिची तक्रार होती असं सांगितलं जातं. या तक्रारीत आणखी एक भेद दडलेला आहे. अक्षरओळख हीच लायकी मानली तर गड्याचं मतही उद्या काढून घेता येतं. पण एका शिकलेल्या बाईचा संताप म्हणून मला ते वाक्य समजतं आणि संहितेत ते राहील.

हॅरी १९१३ पासून सदर्न रेल्वेत नोकरीला. १९१८ मध्ये, बाविसाव्या वर्षी, प्रतिनिधिगृहावर निवडून आला. पक्ष रिपब्लिकन. अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणजे तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, मग हा रिपब्लिकन कसा, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. उत्तर दोन वाक्यांत द्यायचं : यादवी युद्धात पूर्व टेनेसीचा डोंगराळ पट्टा संघराज्याच्या बाजूने होता, उरलेलं राज्य दुसरीकडे झुकलं होतं. त्या फुटीच्या खुणा पुढची कित्येक दशकं मतपेटीत उमटत राहिल्या. पाचव्या कारणाची मुळं याच मातीत आहेत, म्हणून हे इथे सांगणं भाग आहे.

सर्वात महत्त्वाचं : १९२० मध्ये तो वकील नव्हता, वकिलीचा अभ्यास करत होता. सनद मिळाली १९२३ मध्ये. म्हणजे ते मत दिलं रेल्वेत नोकरी करणाऱ्या, कायद्याची पुस्तकं चाळणाऱ्या एका तरुणाने.

१५ जून

छत्तीसचा हिशोब. अमेरिकन काँग्रेसने ही दुरुस्ती ४ जून १९१९ रोजी राज्यांकडे पाठवली. तेव्हा राज्यं ४८, मंजुरीला त्यांची तीन चतुर्थांश हवीत, म्हणजे ३६. पस्तिसावं वॉशिंग्टन राज्य २२ मार्च १९२० ला आलं आणि मग गाडी अडली. जूनमध्ये डेलावेअरने नकार दिला. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, म्हणजे उन्हाळ्यात एक राज्य मिळालं नाही तर बायकांचं मत आणखी चार वर्षं लांबणार. टेनेसीचे गव्हर्नर अल्बर्ट रॉबर्ट्स यांनी, अध्यक्ष विल्सन यांनी गळ घातल्यावर, ९ ऑगस्टपासून खास अधिवेशन बोलावलं. सिनेटने १३ तारखेला २५ विरुद्ध ४ अशा मतांनी मंजुरी दिली. उरलं प्रतिनिधिगृह.

आकडे जास्त आहेत, पण एकही गाळायचा नाही. मावशींनी सुचवलं की आकडे एकाच आवाजात यावेत, म्हणजे श्रोत्यांचे कान त्या आवाजाला हिशोबनीस मानतील. पटलं. तो आवाज मावशींचाच.

२१ जून

हर्मिटेज हॉटेल. दोन्ही बाजूंचा मुक्काम एकाच इमारतीत. पिवळा गुलाब मताधिकाराच्या बाजूचा, लाल विरोधकांचा. दारूबंदी लागू असताना वरच्या मजल्यावर विरोधकांच्या खोलीत आमदारांना व्हिस्की पाजली जात होती. हा भाग इतका रंगीत आहे की लिहिता लिहिता पानंच्या पानं होतील. तीन मिनिटांत बसवायचा. गुलाब ठेवायचे, कारण मत देताना बर्नच्या कोटावर लाल गुलाब होता आणि ते पुढे लागणार आहे.

मताधिकार चळवळीच्या देशपातळीवरच्या पुढारी कॅरी चॅपमन कॅट याच हॉटेलात उतरल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, अर्धं आयुष्य या एका मागणीत घातलेल्या. टेनेसीच्या अ‍ॅन डॅलस डडली, स्यू व्हाइट याही हव्यात. विरोधी बाजूच्या जोसेफिन पिअर्सनसुद्धा, कारण विरोधकांची पुढारी बाईच होती हे लपवून चालणार नाही.

आणि जो हॅनोव्हर. मेम्फिसचा वकील, पोलंडमधून लहानपणी आलेला ज्यू मुलगा, प्रतिनिधिगृहात मताधिकाराच्या बाजूची फळी सांभाळणारा. सभापती सेठ वॉकर आधी बाजूने होते, ऐनवेळी फिरले, आणि मोजणीचा भार हॅनोव्हरवर आला. धमक्या इतक्या येत होत्या की गव्हर्नरांनी त्याच्या संरक्षणाला माणूस दिला. हा खरा या गोष्टीतला वकील-आमदार, आणि बर्नच्या प्रकाशात तो नेहमी झाकला जातो. त्याला निवेदकाचं काम द्यावं असा विचार चाललाय : सभागृहाच्या मजल्यावरून, हातात यादी घेऊन, नावापुढे खुणा करत बोलणारा निवेदक.

२८ जून

हजेरीपटाचा प्रवेश. यावर सर्वात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

१८ ऑगस्टची सकाळ. ९९ पैकी ९६ सदस्य हजर. वॉकर सभापतीच्या खुर्चीतून खाली उतरतात आणि दुरुस्तीचा प्रस्ताव बाजूला ठेवावा असा प्रस्ताव मांडतात. असा प्रस्ताव मंजूर झाला की मूळ विषयावर थेट मत न देताच तो संपवता येतो. कुणाला बायकांच्या मताविरुद्ध हात वर करावा लागत नाही, आणि काम मात्र तमाम होतं. बर्न या प्रस्तावाच्या बाजूने मत देतो, म्हणजे विरोधकांबरोबर. पण बँक्स टर्नर नावाचा डेमोक्रॅट सदस्य विरोधकांची अपेक्षा मोडतो आणि मोजणी होते ४८ विरुद्ध ४८. पुन्हा मोजणी. पुन्हा ४८–४८. बरोबरी झाली म्हणजे प्रस्ताव पडला.

आता मूळ प्रश्न. इथे श्रोत्यांना एक गोष्ट लख्ख कळली पाहिजे, नाहीतर सगळा प्रवेश वाया. बरोबरीचा अर्थ दोन्ही वेळा ‘पडला’ असाच, पण परिणाम उलटा. बाजूला ठेवण्याच्या प्रस्तावावर बरोबरी झाली तेव्हा दुरुस्ती वाचली. मूळ प्रस्तावावर तशीच बरोबरी झाली असती तर दुरुस्ती मेली असती. विरोधकांना फक्त आपली ४८ माणसं जागेवर राहायला हवी होती. बर्नला हे कळत होतं. दोन वेळा विरोधकांबरोबर उभं राहिल्यावर तिसऱ्या वेळी आपलं एक मत काय करू शकतं, हे मोजायला त्याला कुणाच्या पत्राची गरज नव्हती. त्याआधी मताधिकारवाल्या कार्यकर्त्यांना त्याने वचन दिलं नव्हतं. मात्र तुमचं नुकसान होईल असं मी करणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. ते वाक्य या आकडेमोडीशी तंतोतंत जुळतं.

हजेरीपट आद्याक्षरांच्या क्रमाने. म्हणून बर्नचं नाव सुरुवातीलाच येतं. ‘होय.’ सभागृहात गोंधळ, कोटावरच्या लाल गुलाबामुळे कुणाचा कानांवर विश्वास बसत नाही. पण यादी अजून जवळजवळ अख्खी बाकी आहे. टर्नरची पाळी येते तेव्हा तो आधी मत देत नाही, शेवटी उठून ‘होय’ नोंदवतो. ४९ विरुद्ध ४७.

गटातल्या एका तरुण वाचकाची सूचना होती की बर्नचं नाव शेवटी आणावं, ताण वाढेल. मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. क्रम बदलला तर ते त्या दिवसाचं सभागृह राहत नाही, नाटकातला दरबार होतो. शिवाय खरा ताण बर्नच्या ‘होय’नंतरचाच आहे. ते मत दिलं गेलं आहे, परत घेता येत नाही, आणि ते पुरेल की नाही हे ठरायला डझनावारी नावं वाचली जायची आहेत. तेवढा वेळ तो बाकावर बसून आहे. हा वेळ आपण वाचून काढायचा. नावं नाहीत, फक्त ‘होय’, ‘नाही’, ‘नाही’, ‘होय’, पाचही आवाजांत, लय न बदलता.

प्रवेशाचा शेवट वॉकर यांच्या चालीवर. फेरविचाराचा प्रस्ताव मांडायचा हक्क जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच असतो, म्हणून सभापतींनी आपलं मत ‘नाही’वरून ‘होय’ केलं. निकाल झाला ५० विरुद्ध ४६. आणि ९९ सदस्यांच्या सभागृहात ५० म्हणजे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. विरोधकांचा पुढारी नियमाचा आधार घ्यायला गेला आणि मंजुरीचा पाया आणखी भक्कम करून बसला. हॅनोव्हरच्या तोंडी हे एकच वाक्य द्यायचं, वर काही जोडायचं नाही.

५ जुलै

पत्र. निओटाहून आलेलं, सात पानी, पेन्सिलीने लिहिलेलं, आज नॉक्सव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मॅक्लंग संग्रहात आहे. मत दिलं त्या सकाळी ते बर्नच्या खिशात होतं.

‘हुर्रे, आणि मताधिकाराच्या बाजूने मत दे, त्यांना ताटकळत ठेवू नकोस,’ असं ती लिहिते. कँडलरचं भाषण वाचलं, फार कडवट होतं. तू कुठल्या बाजूला आहेस ते बघतेय, अजून काही दिसलं नाही. शहाण्या मुलासारखा वाग आणि मिसेस कॅट यांना मदत कर. ही सगळी वाक्यं घरच्या बातम्यांच्या मध्ये मध्ये पेरलेली आहेत. आम्ही फक्त राजकीय वाक्यं उचलली तर ते पत्रक होईल. मावशी म्हणाल्या, घरची आई कामाचं बोलणं नेहमी इकडच्या तिकडच्या बातम्यांत मिसळूनच सांगते. म्हणून पत्र वाचताना मध्ये थांबे ठेवलेत, त्या थांब्यांत दुसरा वाचक ‘इथे घरच्या बातम्या’ एवढंच म्हणेल.

कँडलर कोण हेही सांगायला हवं. हर्शल कँडलर, बर्नच्याच भागातले सिनेटर, त्याच्याच पक्षाचे, तरुण बर्नचे वडीलधारे मार्गदर्शक. सिनेटमध्ये विरोधात बोलले आणि कॅट यांच्यावर अत्यंत हलक्या शब्दांत घसरले. ते भाषण छापून आलं, निओटाच्या घरात वाचलं गेलं, आणि आईने मुलाला सरळ लिहिलं की तुझ्या गुरूचं भाषण फार कडवट होतं. पत्राचं खरं वजन मला इथे वाटतं. एका बाजूला ज्यांच्या हाताखाली राजकारण शिकायचं ते, दुसऱ्या बाजूला आई.

९ जुलै

पाच कारणं. निवेदन १९ ऑगस्टचं. आदल्या संध्याकाळपासून बर्नवर लाच घेतल्याचा आरोप सुरू झाला होता, म्हणून त्याने कामकाजात नोंद करायला लावली. सुरुवात आरोपाचा निषेध करून, मग कारणं. मराठीत आशय असा बसवला :

पहिलं, पूर्ण मताधिकार हा हक्क आहे असं मी मानतो. दुसरं, मंजुरी द्यायचा आपल्याला नैतिक आणि कायदेशीर अधिकार होता असं मी मानतो. तिसरं, मुलाने आईचा सल्ला मानणं सर्वात सुरक्षित असतं हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या आईची इच्छा मी मंजुरीला मत द्यावं अशी होती. चौथं, एक कोटी सत्तर लाख स्त्रियांना राजकीय गुलामगिरीतून मुक्त करण्याची, माणसाच्या वाट्याला क्वचितच येणारी संधी माझ्यापुढे होती. पाचवं, राज्यात आणि देशात माझ्या पक्षाला असं म्हणता यावं की हे घडवलं ते पूर्व टेनेसीच्या डोंगरांतून आलेल्या, जगातल्या सर्वात शुद्ध अँग्लो-सॅक्सन प्रदेशातल्या एका रिपब्लिकनाने. स्वतःच्या नावासाठी नाही, पक्षाच्या गौरवासाठी.

पाचवं कारण वाचून गट गप्प झाला. आबा म्हणाले, हे गाळूया, चार पुरेत. श्रोत्यांना ज्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली तोच माणूस शेवटी असं बोलला तर सगळं विस्कटेल. वकीलताई ठामपणे विरुद्ध : निवेदन पुरावा आहे, पुराव्याचा सोयीचा तुकडा कोर्टात चालत नाही आणि मंचावरही चालू नये. मी ताईंच्या बाजूने आहे. त्याच्या दुसऱ्या कारणातली कायद्याची शिस्त आणि पाचव्यातला वंशाभिमान एकाच माणसाच्या तोंडचे आहेत, एकाच दिवशी, एकाच कागदावर. तो कागद आहे तसाच वाचला जाईल.

पण त्याच्या लगोलग दुसरा आवाज हवा, आणि तो शोधायला दूर जावं लागत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात, स्त्री मतदारांच्या राज्य परिषदेत नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या फ्रँकी पिअर्स बोलल्या होत्या. आम्हाला एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे रास्त वागणूक, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या : आमच्या मुलींसाठी राज्याने व्यवसाय शिक्षणाची शाळा काढावी, राज्याचं बालकल्याण खातं असावं. शाळा १९२३ मध्ये उघडली आणि त्या स्वतः तिच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

म्हणून पाचव्या कारणानंतर पिअर्सचा परिच्छेद. त्यानंतर मावशींचा आवाज फक्त इतकं सांगेल की दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना एकोणिसाव्या दुरुस्तीनंतरही मतदान कर, वाचन-लेखनाच्या चाचण्या आणि दहशत यांनी मतपेटीपासून दूर ठेवलं, आणि मताधिकाराचा संघराज्य कायदा १९६५ साली आला.

१३ जुलै

तार सापडल्यापासून मला राहवत नव्हतं, आज तिची जागा ठरली. मत दिल्यावर विरोधकांनी पत्रच बनावट ठरवायचा प्रयत्न केला. लुइझियानाच्या माजी गव्हर्नरांची पत्नी, विरोधी चळवळीतली कार्यकर्ती, थेट निओटाला फेबच्या दारात पोचली. फेबने त्यानंतर नॅशव्हिलला तार केली. एक बाई आली होती, पत्र खोटं आहे असं माझ्याकडून वदवायला तिने सगळे उपाय केले. पत्र खरं आहे आणि मीच लिहिलेलं आहे. माझ्या नावावर दुसरं काही कुणी सांगितलं तर ते खोटं. मी मताधिकाराच्या पाठीशी ठाम उभी आहे आणि माझ्या मुलाने शेवटपर्यंत त्याला धरून राहावं.

हे वाचल्यावर फेबची भूमिका बदलते. पत्र लिहिणारी आई घरात आहे. तार करणारी बाई साक्षीदार आहे. दबाव आल्यावर जबाब न बदलणारी साक्षीदार. आमच्याकडे हा भाग कुठल्याच लोकप्रिय आवृत्तीत ठळक नव्हता, आमच्या संहितेत तो पत्रापेक्षा मोठा असेल.

१९ जुलै

मधला भाग भरला. छोटाच ठेवला. विरोधकांचे सदस्य २० ऑगस्टच्या रात्री अलाबामातल्या डिकेटरला निघून गेले, गणपूर्ती होऊ नये म्हणून. २१ तारखेला उरलेल्या सभागृहाने फेरविचाराचा प्रश्न निकालात काढला. कोर्टाचा मनाईहुकूम उठल्यावर गव्हर्नर रॉबर्ट्स यांनी २४ ला प्रमाणपत्रावर सही करून ते टपालाने पाठवलं, आणि २६ ऑगस्टला पहाटे वॉशिंग्टनला पोचल्यावर परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी स्वतःच्या घरी, कुठलाही समारंभ न करता, दुरुस्ती जाहीर केली.

बर्न छतावरून निसटला, कठड्यावरून चालत गेला, माळ्यावर लपला वगैरे कथा संहितेत नाहीत. त्यांच्याशिवाय भागतं.

२४ जुलै

दुसरं कारण वकीलताईंकडे सोपवलं होतं. त्यांनी आज समजावून दिलं आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातला हा सर्वात जड पण सर्वात गरजेचा भाग आहे.

टेनेसीच्या स्वतःच्या संविधानात अट होती : संघराज्याची घटनादुरुस्ती राज्यांकडे आल्यानंतर जे कायदेमंडळ निवडून येईल, त्यानेच तिच्यावर निर्णय घ्यावा. १९२० चं कायदेमंडळ १९१८ मध्ये निवडलेलं, दुरुस्ती आली १९१९ मध्ये. म्हणजे राज्याच्या संविधानाप्रमाणे या आमदारांनी मतच द्यायला नको होतं. विरोधकांचा हा दावा पोकळ नव्हता. कित्येक सदस्यांनी आपल्या शपथेचं कारण पुढे केलं.

पण १ जून १९२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉक विरुद्ध स्मिथ या ओहायोच्या खटल्यात निर्णय दिला होता. दुरुस्तीला मंजुरी देताना राज्याचं कायदेमंडळ संघराज्याच्या संविधानाने दिलेलं काम करत असतं, त्यात राज्याचं संविधान जनमताची अट घालू शकत नाही. तो निर्णय जनमताबद्दल होता, पण त्याचा तर्क टेनेसीच्या अटीलाही लागू होत होता. बर्नने ‘कायदेशीर अधिकार’ हे शब्द लिहिले तेव्हा त्यामागे हे होतं. अधिवेशन भरायच्या सव्वादोन महिने आधी आलेला निर्णय.

पुढे मेरिलँडमध्ये दोन स्त्रियांच्या मतदारनोंदणीला आव्हान मिळालं आणि लेसर विरुद्ध गार्नेट या खटल्यात २७ फेब्रुवारी १९२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तोच तर्क पक्का केला. निकाल न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी लिहिला. टेनेसीची मंजुरी वैध. दुसऱ्या वर्षी बर्नला सनद मिळाली.

ताईंचं एक म्हणणं मला फार आवडलं : आईचं ऐकून मत बदलणं सोपं नसतं, पण शपथेचा प्रश्न उभा असताना कायदा वाचून स्वतःला उत्तर देणं त्याहून अवघड. श्रोत्यांना हे कळावं म्हणून हॉकचा उल्लेख हजेरीपटाच्या आधी आणला. आता बर्न ‘होय’ म्हणतो तेव्हा श्रोत्यांच्या हातात आकडेमोड, कायदा आणि पत्र तिन्ही असतील.

३० जुलै

उरलेलं आयुष्य. गोष्टी सांगणारे १९२० ला थांबतात. तो त्यानंतर ५६ वर्षं जगला. नोव्हेंबर १९२० मध्ये थोडक्या मतांनी पुन्हा निवडून आला, १९२२ पर्यंत प्रतिनिधिगृहात. वकिली रॉकवूड आणि स्वीटवॉटरला. १९३० मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला, मिळाली नाही. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी राज्याच्या सिनेटवर. १९५१ पासून रॉकवूडच्या बँकेचा अध्यक्ष. राज्याच्या नियोजन आयोगावर दीर्घ काळ. मृत्यू १९ फेब्रुवारी १९७७, निओटालाच. छोट्या गावातल्या वकिलाचं भरलेलं, शिस्तीचं आयुष्य, आणि यातलं बरंचसं भरभर वाचून टाकायचं.

१९५३ ला मात्र थांबायचं. टेनेसीचं १८७० चं संविधान तोवर एकदाही दुरुस्त झालं नव्हतं. दुरुस्तीची वाटच इतकी अरुंद ठेवली होती. त्या वर्षी मर्यादित विषयांसाठी घटना परिषद भरली आणि बर्न तिच्यात प्रतिनिधी होता. परिषदेने मांडलेल्या आणि मतदारांनी नोव्हेंबरात मान्य केलेल्या दुरुस्त्यांत गव्हर्नरची मुदत दोनवरून चार वर्षं झाली, पुढच्या दुरुस्त्यांची वाट सोपी झाली, आणि मत देण्यासाठी मतदान कर भरण्याची अट संविधानातून गेली. तोच कर, जो पिअर्सच्या परिच्छेदानंतर मावशींच्या आवाजात आलेला असेल.

त्या अटीवर बर्न वैयक्तिकरीत्या काय बोलला याबद्दल संहितेत एक शब्द नाही. परिषद, तारीख, दुरुस्ती, आणि प्रतिनिधींत त्याचं नाव. पन्नाशी ओलांडलेला वकील, पुन्हा एकदा सभागृहात, पुन्हा एकदा घटनादुरुस्तीवर. १९५९ आणि १९६५ च्या परिषदांतही तो होता.

४ ऑगस्ट

क्रम कायम झाला. निओटा, छत्तीसचा हिशोब, हर्मिटेज, हॉकचा निर्णय, पत्र, हजेरीपट, पाच कारणं, पिअर्स, तार, डिकेटर, लेसर, उरलेली वर्षं, १९५३.

दोन गोष्टींवर आज पुन्हा बोलणं झालं. पहिली, नॉक्सव्हिलमधलं शिल्प. २०१८ मध्ये तिथे फेब आणि हॅरी यांचा पुतळा बसवला, अ‍ॅलन लक्वायर यांनी घडवलेला, आई मुलाच्या खांद्याजवळ उभी. मागे पडद्यावर तो दाखवावा अशी सूचना होती. नको. पुतळ्यात तिसरं कारण आहे, बाकीची चार नाहीत, आणि डोळ्यांसमोर एकदा तो आला की कानांवर पडलेलं पुसलं जातं. पडद्यावर काही असेलच तर फक्त ४८–४८, ४९–४७, ५०–४६.

दुसरी, शेवट. आबा आता पाचव्या कारणाच्या बाजूने आहेत, इतके की ते स्वतः वाचायला मागताहेत. तालमीत त्यांनी ते आवाज न चढवता, अपराधीपणाही न आणता वाचलं, एखादा चोवीस वर्षांचा मुलगा अभिमानाने बोलेल तसं. अंगावर आलं. त्यांनाच दिलंय. अभिवाचनाचा शेवट १९५३ च्या दुरुस्त्यांच्या यादीवर होईल, पाचही वाचक एकेक दुरुस्ती वाचतील, मतदान कराची सर्वात शेवटी, आणि मावशी परिषदेतल्या प्रतिनिधींत एकच नाव घेतील.

आबांची प्रत मोठ्या अक्षरात छापायला दिली. हजेरीपटाची ‘होय-नाही’ची मालिका ताईंनी आवाजांप्रमाणे रंगवून दिलीय. रविवारी सलग तालीम.